विश्लेषण : नियम कुणाचे, मजकूर कुणाचा? टेबलटॉप गेमच्या ‘खुल्या’ परवान्यांचा पेच काय?

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ‘गिझमोडो’च्या ‘आयओ९’ या विभागाने एका परवान्याचा फुटलेला मसुदा प्रसिद्ध केला आणि टेबलटॉप गेम छापणाऱ्या शेकडो छोट्या प्रकाशकांची झोप उडाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जगप्रसिद्ध खेळाचे नियम वापरून पुस्तके काढण्याची मुभा त्यांना २००० सालापासून होती. ती मुभाच काढून घेण्याची भाषा या मसुद्यात होती. तीन आठवड्यांत कंपनीला माघार घ्यावी लागली. पण ‘खुला’ म्हणून दिलेला मजकूर नेमका किती खुला असतो आणि तो वापरताना काय सांभाळावे लागते, हे प्रश्न त्यानंतर प्रत्येक प्रकाशकाला स्वतःला विचारावे लागले.

हा खेळ नेमका काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्यांना तळघरात फासे टाकत बसलेली चार मुले आठवतील. ती खेळतात तो हाच खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. तलवारीचा घाव बसला की नाही, कुलूप उघडले की नाही, याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो अमेरिकेत आणला. पट किंवा सोंगट्या नसल्या तरी चालते. लागते ते पुस्तक. नियमांचे पुस्तक, राक्षसांचे पुस्तक, तयार मोहिमांचे पुस्तक. त्यामुळे हा धंदा मुळात प्रकाशनाचा आहे आणि त्यातले बहुतेक वादही पुस्तकांच्या कायद्याचे आहेत.

मूळ कंपनी ‘टीएसआर’ खटल्यांसाठी इतकी कुप्रसिद्ध होती की, तिच्या आद्याक्षरांवरून ‘त्या वारंवार खटले भरतात’ अशा अर्थाचा विनोद चाहत्यांमध्ये रूढ झाला होता. गंमत म्हणजे या खेळाने स्वतःही दुसऱ्याच्या अंगणातली फुले तोडली होती. सुरुवातीच्या आवृत्तीत टॉल्किनचे ‘हॉबिट’ होते. हक्कदारांनी आक्षेप घेतल्यावर त्यांचे ‘हाफलिंग’ झाले. १९९७ मध्ये ‘टीएसआर’ ही कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि १९९९ मध्ये ‘विझार्ड्स’ला खेळणी बनवणाऱ्या ‘हॅस्ब्रो’ने.

खुला परवाना का आणला गेला?

धंद्याचे गणित म्हणून. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली, तेव्हा ‘विझार्ड्स’मधील रायन डान्सी यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा धडा इथे लावला. छोट्या मोहिमांची पुस्तके काढणे मोठ्या कंपनीला परवडत नाही, पण ती बाजारात असली तर मुख्य नियमपुस्तक अधिक खपते. म्हणून नियमांचा मोठा भाग ‘सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट’ म्हणजे ‘एसआरडी’ या नावाने मोकळा केला गेला आणि तो वापरण्यासाठी ‘ओपन गेम लायसन्स’ अर्थात ‘ओजीएल’ हा परवाना देण्यात आला. पैसे नाहीत, परवानगीचा अर्ज नाही. अटी पाळा आणि छापा.

२००८ मध्ये चौथ्या आवृत्तीवेळी कंपनीने हात आखडता घेतला आणि बराच जाचक असा वेगळा परवाना पुढे केला. ‘पायझो’ या कंपनीने तो नाकारला. जुन्या आवृत्तीचे नियम ‘ओजीएल’खाली मोकळेच होते. त्यांच्यावर ‘पायझो’ने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतःचा खेळ उभा केला आणि तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा थेट प्रतिस्पर्धी ठरला. एकदा मोकळे केलेले परत कोंडता येत नाही, हे ‘विझार्ड्स’ला तेव्हाच कळले असावे. पाचव्या आवृत्तीचा ‘एसआरडी’ २०१६ मध्ये पुन्हा जुन्याच ‘ओजीएल’खाली आला.

२०२३ मध्ये काय घडले?

त्याआधीच्या डिसेंबरात ‘विझार्ड्स’च्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर या खेळातून पुरेसा पैसा काढला जात नसल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी ‘हॅस्ब्रो’ने ‘डी अँड डी बियाँड’ हे डिजिटल व्यासपीठ १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेतले होते. या पार्श्वभूमीवर ‘ओजीएल १.१’चा मसुदा फुटला. वर्षाला ५० हजार डॉलरहून अधिक उत्पन्न असेल तर हिशेब कळवायचा. साडेसात लाख डॉलरच्या वर गेल्यास त्यावरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, तीही नफ्यावर नव्हे तर उलाढालीवर. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च जाऊन हाती काय उरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय तुम्ही लिहिलेला मजकूर ‘विझार्ड्स’ला कायमचा आणि फुकट वापरता येईल, असेही कलम होते.

पण खरा घाव दुसरीकडे होता. जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही, असे मसुद्यात म्हटले होते. ‘ओजीएल १.०ए’मध्ये परवाना ‘पर्पेच्युअल’ म्हणजे मुदत नसलेला असल्याचे लिहिले होते. ‘इर्रिव्होकेबल’ म्हणजे मागे न घेता येणारा, हा शब्द मात्र नव्हता. आणि नवव्या कलमात परवान्याची कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरता येईल, असे लिहिले होते. मग आवृत्ती अधिकृत की अनधिकृत, हे ठरवणार कोण? कंपनीने त्या एका विशेषणात वाट शोधली. नवी आवृत्ती आली तरी जुनी वापरत राहता येईल, असा खुलासा ‘विझार्ड्स’नेच त्या काळात आपल्या प्रश्नोत्तरांत केला होता. परवाना मागे घेण्याचा हेतू कधीच नव्हता, असे डान्सी यांनीही २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. पण हेतू वेगळा आणि कागदावरचा शब्द वेगळा.

चाहत्यांनी ‘डी अँड डी बियाँड’ची वर्गणी रद्द करण्याचा सपाटा लावला. ‘पायझो’ने १२ जानेवारीला पर्यायी परवान्याची घोषणा केली; ‘कोबोल्ड प्रेस’, ‘केऑसियम’, ‘ग्रीन रोनिन’ असे प्रकाशक सोबत आले. आठ महिने पुरेल इतका ‘पाथफाइंडर’च्या मूळ नियमपुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचे ‘पायझो’ने सांगितले. ‘विझार्ड्स’ने मवाळ केलेला ‘१.२’ मसुदा आणून त्यावर मते मागवली. आलेल्या १५ हजारांहून अधिक प्रतिसादांपैकी ८८ टक्के लोकांनी त्या परवान्याखाली काहीही प्रकाशित करायचे नाही, असे कळवले. २७ जानेवारीला कंपनीने जुना परवाना तसाच ठेवल्याचे जाहीर केले आणि पाचव्या आवृत्तीचा ‘एसआरडी ५.१’ हा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली मोकळा करून टाकला.

मुळात खेळाच्या नियमांवर कॉपीराइट असतो का?

नसतो, निदान अमेरिकी कायद्यात तरी नाही. कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, पद्धतीला नाही. याचे मूळ १९व्या शतकातल्या ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या हिशेबनिसीच्या खटल्यात आहे. हिशेब ठेवण्याची पद्धत समजावून सांगणारे पुस्तक लेखकाचे, पण ती पद्धत वापरून खतावणी लिहिण्यापासून तो कुणाला रोखू शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हाच विचार पुढे अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या १०२(बी) या कलमात आला. खेळांच्या बाबतीत अलीकडचे उदाहरण ‘बँग!’ या पत्त्यांच्या खेळाचे. त्याचे नियम आणि पात्रांच्या शक्ती जवळजवळ जशाच्या तशा उचलून, वाइल्ड वेस्टऐवजी प्राचीन चीनची पार्श्वभूमी देऊन दुसरा खेळ बाजारात आला. टेक्सासमधील संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल नक्कल करणाऱ्याच्या बाजूने दिला.

म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, त्यात ताकदीचा आकडा मिळवा आणि बेरीज ठरावीक संख्येहून मोठी आली की घाव बसला, ही रीत कुणाच्याही मालकीची नाही. ती सांगणारी वाक्ये मात्र लेखकाची आहेत.

मग परवाना लागतोच कशाला?

कारण रीत आणि वाक्य यांच्यातली रेघ कागदावर दिसत नाही. ‘फायरबॉल’ या मंत्राने किती अंतरावर किती इजा होते हा नियम. पण बोटातून प्रकाशाची रेघ सुटते आणि मग स्फोट होतो, हे वर्णन अभिव्यक्ती. शेकडो मंत्र आणि राक्षस स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहायचे, तर महिने जातात. इतके करूनही मोठ्या कंपनीची नोटीस आली, तर बाजू कितीही भक्कम असली तरी वकिलाची फी दोन माणसांच्या प्रकाशन संस्थेला बुडवू शकते. परवाना म्हणजे या भीतीवरचा विमा. २००० नंतर या क्षेत्रात पुस्तकांचा जो पूर आला, तो या विम्यामुळे. ‘ओजीएल’ मागे घेता येतो की नाही, हे न्यायालयात आजवर तपासले गेलेले नाही, ते यामुळेच. तपासून पाहण्याइतके पैसे असलेले थोडे आणि तेवढी जोखीम घेणारे त्याहून थोडे.

‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ने काय बदलले?

‘एसआरडी ५.१’ला लावलेला परवाना ‘सीसी बाय ४.०’ आहे. तो लिहिणारी आणि सांभाळणारी संस्था ‘विझार्ड्स’ नाही, त्यामुळे त्याची पुढची आवृत्ती काढून मागची रद्द करण्याची किल्ली कंपनीकडे उरत नाही. परवाना मागे घेता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. २०२४ मध्ये खेळाची सुधारित नियमपुस्तके आल्यावर त्यांवर आधारित ‘एसआरडी ५.२’ही एप्रिल २०२५ मध्ये याच परवान्याखाली देण्यात आला.

अट मुख्यतः एकच : श्रेय द्या. पण ते कसे द्यायचे, हे दस्तऐवजात ठरवून दिले आहे. मजकूर कोठून घेतला, कोणाचा आणि कोणत्या परवान्याखाली, हे सांगणारा परिच्छेद तयार दिलेला आहे. तो तसाच छापायचा. त्यापलीकडे ‘विझार्ड्स’चे नाव घालू नका, अशी सूचनाही आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ किंवा ‘५ई’ असे लिहिता येते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव किंवा त्याचे बोधचिन्ह मिरवता येत नाही, कारण हा परवाना कॉपीराइटचा आहे आणि ट्रेडमार्क त्यात येत नाहीत. मजकुरात बदल केला असेल तर तसे नमूद करावे लागते. आपल्या पुस्तकाला कंपनीचा पाठिंबा आहे, असा आभासही निर्माण करता येत नाही.

चूक नेमकी कुठे होते?

सर्वांत जास्त चुका ‘एसआरडी’ आणि प्रत्यक्ष पुस्तक यांत गल्लत केल्याने होतात. मोकळा झाला आहे तो ‘एसआरडी’, दुकानात मिळणारे नियमपुस्तक नाही. २०१४ च्या पुस्तकातील बारा वर्ग ‘एसआरडी ५.१’मध्ये आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपवर्ग. पार्श्वभूमी एकच, ‘अकोलाइट’ची. ड्रॅगन आहेत, गॉब्लिन आहेत. अनेक डोळ्यांचा ‘बिहोल्डर’ आणि मेंदू खाणारा ‘माइंड फ्लेअर’ यांची माहिती व आकडे नाहीत, कारण ते कंपनीने स्वतःच्या ओळखीचे म्हणून राखून ठेवले आहेत. वर्षानुवर्षे घरच्या टेबलावर वापरलेला राक्षस मोकळ्या यादीत असेलच, असे समजून अनेक जण लिहायला बसतात आणि अडकतात. आधी ‘एसआरडी’ उघडून नाव शोधणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरा सापळा तिसऱ्याच्या मजकुराचा. गेल्या वीस-बावीस वर्षांत इतर प्रकाशकांनी ‘ओजीएल’खाली हजारो राक्षस आणि मंत्र लिहिले. ‘विझार्ड्स’ने आपला दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’मध्ये टाकल्याने हा मजकूर आपोआप तिकडे गेलेला नाही, तो घ्यायचा तर ‘ओजीएल’च्याच अटी पाळाव्या लागतात. २००० च्या दशकातील ‘३.५’ आवृत्तीचा ‘एसआरडी’ही जानेवारी २०२३ च्या त्या घोषणेत नव्हता. आणि ‘ओजीएल’च्या अटी दिसतात तितक्या सैल नाहीत. परवान्याची पूर्ण प्रत प्रत्येक पुस्तकात छापायची. आपला कोणता भाग मोकळा आहे, हे स्पष्ट दाखवायचे. ज्या ज्या पुस्तकांतून घेतले त्या सर्वांच्या कॉपीराइट नोंदी पंधराव्या कलमात एकाखाली एक उतरवायच्या. अ ने ब कडून घेतले, ब ने क कडून. तर अ च्या पुस्तकात तिघांचीही नावे हवीत. मूळ मालकाने ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखलेली नावे, पात्रे आणि चित्रे यांना हात लावायचा नाही. इतकेच काय, लेखी करार नसेल तर दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचा उल्लेखही करायचा नाही. साधा कॉपीराइट कायदा एरवी जे करू देतो, त्यातले काही हा ‘खुला’ परवाना सही न करताच काढून घेतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची ही किंमत अनेकांच्या लक्षातच येत नाही.

चूक झालीच तर? ‘ओजीएल’मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त न केल्यास परवाना संपतो. ‘सीसी ४.०’मध्ये अटभंग होताच परवाना संपतो, पण कळल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर तो पुन्हा लागू होतो. पीडीएफ विकणाऱ्याला हे सोपे. नवी फाइल चढवली की काम झाले. ज्याने दोन हजार प्रती छापून गोदामात ठेवल्या आहेत, त्याच्यासाठी श्रेयाचा एक विसरलेला परिच्छेद महागात पडतो.

तिसरी गल्लत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हा एकच परवाना समजण्याची. ‘बाय’ला श्रेय पुरते. ‘एसए’ असेल तर तुमचे रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यावे लागते. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. ‘एक्लिप्स फेज’ हा विज्ञानकथेवरचा खेळ ‘एनसी’ आणि ‘एसए’ अशा दोन्ही अटींसह मोकळा आहे, म्हणजे त्यातून घेऊन विकता येत नाही. ‘एनडी’ असेल तर बदल करून प्रकाशित करता येत नाही. मराठी विकिपीडियावरचा मजकूरही ‘बाय-एसए’ आहे. एखाद्या किल्ल्याचे वर्णन तिथून उचलून ‘ओजीएल’च्या मोकळ्या मजकुरात मिसळले, की दोन्ही परवाने आपापल्या अटींवर हटून बसतात आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत.

चित्रांचा प्रश्न तर स्वतंत्रच. नियम मोकळे असले म्हणून त्या पुस्तकातली चित्रे, नकाशे आणि अक्षरटंक मोकळे होत नाहीत. प्रत्येकाचा परवाना वेगळा तपासावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. दोन वर्षांनी कुणी विचारले तर दाखवायला काहीतरी हवे.

‘ओआरसी’ हा पर्याय कसा आहे?

‘पायझो’च्या पुढाकाराने आणि ‘अझोरा लॉ’ या विधि संस्थेने लिहिलेला ‘ओपन आरपीजी क्रिएटिव्ह’ परवाना जून २०२३ अखेरीस अंतिम झाला. तो कोणत्याही गेम कंपनीच्या मालकीचा नाही आणि मागे घेता येत नाही. खेळाची यंत्रणा मोकळी आणि कथा, पात्रे, स्थळे, चित्रे राखीव, अशी वाटणी त्यात आधीच करून ठेवली आहे; ‘ओजीएल’सारखी प्रत्येकाने आपापली रेघ ओढायची नाही. पण ‘सीसी बाय’हून तो एका बाबतीत कडक आहे. त्याखाली पुस्तक काढले की तुम्ही नव्याने भर घातलेली यंत्रणाही पुढच्यांसाठी आपोआप मोकळी होते. आपले नवे नियम स्वतःकडे राखायचे असतील, त्याच्यासाठी हा परवाना नाही.

जुन्या परवान्यातून बाहेर पडणे किती खर्चिक आहे, हेही ‘पायझो’नेच दाखवले. ‘पाथफाइंडर’ची नियमपुस्तके नव्याने लिहून नोव्हेंबर २०२३ पासून बाजारात आणली गेली. चांगला-वाईट, नेमस्त-बंडखोर अशी पात्रांची ‘अलाइनमेंट’ची चौकट, मंत्रांच्या जुन्या शाखा, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन हे सारे त्यातून काढावे लागले. ‘कोबोल्ड प्रेस’ने मात्र ‘सीसी’खालील ‘एसआरडी ५.१’ पायाला घेऊन ‘टेल्स ऑफ द व्हॅलियंट’ हा स्वतःचा खेळ २०२४ मध्ये आणला. एकाच घबराटीतून निघालेल्या या दोन वेगळ्या वाटा.

भारतीय प्रकाशकाला हे किती लागू?

पीडीएफची बाजारपेठ जगभर असल्याने पुरेपूर. कल्पनेवर कॉपीराइट नाही, तिच्या मांडणीवर आहे, हे तत्त्व भारतात सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या १९७८ च्या निकालात मांडले. ते प्रकरण नाटक आणि चित्रपटाचे होते. ‘सीसी बाय’मध्ये रूपांतराची मुभा असल्याने ‘एसआरडी’चा मराठी अनुवाद करून विकायला कुणाची परवानगी लागत नाही, श्रेयाचा परिच्छेद आणि अनुवाद केल्याची नोंद हवी.

उलट दिशेने, म्हणजे स्वतःचा खेळ इतरांसाठी मोकळा करताना, घरगुती परवाना लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ३०ए या कलमाने हीच तरतूद परवान्यांनाही लागू होते. ‘माझे नियम कुणीही वापरा’ एवढेच लिहून मोकळा केलेला खेळ पाच वर्षांनी पुन्हा बंद झाल्याचा दावा त्यामुळे होऊ शकतो. ‘सीसी’ परवान्यात जगभराचा प्रदेश आणि कॉपीराइट असेपर्यंतची मुदत दोन्ही लिहिलेली असतात.